गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे हो!

ॲम्प्लिफायरच्या मागे 'गेन'चा, म्हणजे आत येणारा सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा, नॉब दिसला रे दिसला, की पिळलाच उजवीकडे, पार शेवटपर्यंत! का? तर "पैसे दिलेत, पॉवर वाया कशाला घालवायची?" अहो, तो काय पाण्याचा नळ आहे? गेन पूर्ण उघडल्याने १०० वॉटचे १५० होत नाहीत. होतं एवढंच की जराशा सिग्नललाच ॲम्प दम टाकतो, आणि गाणं बंद असतानाही स्पीकरमधून 'सूंऽऽ' फुकट.

दुसरीकडे मोबाइलचा आवाज ३० टक्क्यांवर आणि ॲम्प फुल्ल! खरखर आली की शिव्या केबलला. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, मोबाइलचा जॅक जेमतेम १, कधी त्याहूनही कमी. मग इनपुट बदलताच खिडक्या थरथरणार नाहीत तर काय?

सबवूफरबद्दल, म्हणजे धमधम करणाऱ्या खर्जाच्या स्पीकरबद्दल, तर विचारूच नका. होम थिएटरचा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) मोजमाप करून सबची ट्रिम, म्हणजे त्याच्या आवाजाची पातळी, उणे १२ डेसिबलवर, म्हणजे तळाला नेऊन ठेवतो. 'बाबा रे, सबचा गेन कमी कर आणि पुन्हा मोज' असं तो कोकलून सांगतोय! ऐकतंय कोण?

गेन शून्यावर, मोबाइल ९० टक्क्यांवर, प्रीॲम्पचा (ॲम्पच्या आधीच्या डब्याचा) व्हॉल्यूम पाऊण. मग गेन हळूहळू चढवा आणि हवा तेवढा मोठा आवाज मिळाला की हात काढा. पाच मिनिटं लागतात, पाच! पण नाही. आवाज फाटेपर्यंत ताणायचं, ट्विटरची (बारीक, उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची) कॉइल जाळायची, आणि वर म्हणायचं, "हल्ली मालच हलका येतो."