प्रॉक्टरचा 'इगो' आणि एक सही

आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल' या नाटकावरची एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. तिचा गोषवारा असा: जॉन प्रॉक्टरने एका कागदावर सही केली असती तर तो जगला असता. कबुली खोटी आहे हे गावाला ठाऊकच होतं, म्हणजे कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बायको पोटुशी, घरात तीन लेकरं, आणि हा बाबा 'माझं नाव, माझं नाव' करत फासावर चढला. कबूल करणारे मात्र सुखाने जगले. अब्रूपायी जीव देणं म्हणजे शुद्ध इगो. शेवटी मल्लिनाथीही आहे: धूर निघाला म्हणजे कुठेतरी आग असणारच, प्रॉक्टर तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता?

पोस्ट खमंग आहे, पण लिहिणाऱ्याने तिसरा अंक झोपेत काढला असावा.

नाटक न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. साल १६९२, मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. काही मुली झटके आल्यासारख्या किंचाळतात आणि एकेकाचं नाव घेत चेटकाचा आळ घालतात. कोर्ट त्यांचं खरं धरतं. आरोप कबूल केला तर जीव वाचतो, नाकारला तर फाशी. प्रॉक्टर शेतकरी. घरी कामाला असलेल्या अ‍ॅबिगेलशी त्याचं एके काळी लफडं झालेलं, आणि तीच आता या मुलींची म्होरकी आहे.

आता अब्रूचं बघू. बायकोवर आळ येतो तेव्हा अ‍ॅबिगेल खोटारडी आहे हे सिद्ध करायला प्रॉक्टर भर कोर्टात स्वतःचा व्यभिचार सांगतो. कुठे, असं विचारल्यावर जिथे माझी गुरं बांधतो तिथे, असं उत्तर देतो. प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या गावात एवढं बोलल्यावर माणसाची काय पत उरते? खरी गंमत पुढे आहे. न्यायाधीश डॅनफर्थ खातरजमा करायला प्रॉक्टरच्या बायकोला, एलिझाबेथला बोलावतो. प्रॉक्टरला आणि अ‍ॅबिगेलला पाठ फिरवून उभं केलेलं, त्यामुळे तिला नवऱ्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. जन्मात खोटं न बोललेली ती बाई नवऱ्याची लाज राखायला खोटं बोलते: नाही, तसं काही नव्हतं. प्रॉक्टर गप्प राहिला असता तर अब्रू सहीसलामत होती. तो ओरडतो की मी सगळं कबूल केलंय! बायकोने वाचवलेली अब्रू त्याने त्याच क्षणी स्वतःच्या हाताने उधळली. अशा माणसाला चौथ्या अंकात 'लोक काय म्हणतील'ची धास्ती होती म्हणणं जरा जडच जातं.

अब्रूसाठी जीव जातात हे मात्र खरं, फक्त ते दुसऱ्यांचे जातात. पहिल्या अंकात पाद्री पॅरिसची मुलगी निपचित पडलेली असते आणि त्याला घोर लागलेला असतो तो आपल्या पदाचा, गावातल्या शत्रूंचा. शेवटी फाशा पुढे ढकला म्हणून विनवलं जातं, तेव्हा डॅनफर्थ म्हणतो की याच गुन्ह्यासाठी बाराजणांना लटकवलंय, आता यांना माफी देता येणार नाही. म्हणजे दिली तर ते बारा निर्दोष होते असा अर्थ निघेल, आणि मग कोर्टाचं तोंड कुठे लपवायचं? इगोच शोधायचा असेल तर तो या खुर्चीत सापडेल.

'सहीने कुणाचं बिघडणार नव्हतं' हा पोस्टचा सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात पोकळ मुद्दा. प्रॉक्टर आधी तोंडी कबुली देतो हे पोस्टमध्ये नाही. तो कागदावर सहीसुद्धा करतो! इथवर तो पोस्टकर्त्याच्याच मताचा आहे. बिनसतं ते दोन ठिकाणी. बाकीच्यांना सैतानाबरोबर पाहिलंस का, असं विचारल्यावर तो नावं घेत नाही. माझं पाप मी सांगेन, दुसऱ्याचा न्याय मी करणार नाही, ही त्याची भूमिका. आणि सही केलेला कागद चर्चच्या दारावर ठोकला जाणार हे कळताच तो कागद देतच नाही. डॅनफर्थला ती सही कशाला हवी आहे? रिबेका नर्ससारखी, गावाने देवमाणूस मानलेली म्हातारी त्याच सकाळी फासावर जाणार आहे आणि गाव कुजबुजतंय. प्रॉक्टरसारख्या वजनदार माणसाची सही दाखवली की आरोप खरे होते, रिबेकाच हट्टी निघाली, असं ठरतं. पोस्टकर्ता ज्याला निरुपद्रवी कागद म्हणतो तो रिबेकाविरुद्धचा पुरावा होता.

मिलरसाठी हे नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हतं. नाटक १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये आलं ते अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकून काढण्याच्या मोहिमेच्या ऐन भरात. १९५६ मध्ये खुद्द मिलरला अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभं केलं आणि लेखकांच्या बैठकांना कोण कोण होतं ते विचारलं. अशा चौकशांत समितीला नावं बहुतेक वेळा आधीच माहीत असत. तुम्ही ती आपल्या तोंडाने घ्यावीत एवढंच तिला हवं असे. मिलर स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्यांची नावं घेतली नाहीत. संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, आणि १९५८ मध्ये अपिलात सुटला.

लेकरांचा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे, म्हणून नाटकाबाहेरचा, खरोखर होऊन गेलेला प्रॉक्टरही बघायला हवा. तो साठीचा होता आणि त्याची खानावळ होती. नवरा-बायको तुरुंगात असताना शेरीफ घरी आला आणि मालमत्ता उचलून घेऊन गेला. त्या काळच्या एका लेखकाने टिपून ठेवलंय की पिंपातली बिअर ओतून पिंप नेलं, पातेल्यातलं कालवण सांडून पातेलं नेलं आणि पोरांना खायला काही ठेवलं नाही. ते पातेलं सही करून परत येणार नव्हतं. जुलैत प्रॉक्टरने तुरुंगातून बोस्टनच्या धर्मगुरूंना अर्ज लिहिला: माझ्या मुलाने कबूल व्हावं म्हणून त्याची मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवलं, खटला बोस्टनला चालवा, नाहीतर न्यायाधीश तरी बदला. 'मला वाचवा, बाकीच्यांचं तुम्ही बघा' असा सूर त्या अर्जात नाही, तुरुंगातल्या इतरांच्या वतीनेही तो बोलतो. १९ ऑगस्टला त्याला फाशी दिली.

त्याच दिवशी जॉर्ज जेकब्ज नावाचा म्हातारा फासावर गेला. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत त्याची किशोरवयीन नात मार्गारेट होती. तिने जिवाच्या भीतीने कबुली दिली होती आणि आजोबांचं नाव घेतलं होतं. नंतर तिने सगळं मागे घेतलं, पण आजोबा वाचले नाहीत. खोटी कबुली कुणाचं काय बिघडवते याचं उत्तर ती पोर देऊ शकली असती.

राहिला धूर आणि आग. प्रॉक्टर धुतल्या तांदळासारखा नव्हता हे मान्य. तो स्वतःच सांगतो. पण व्यभिचार केला म्हणून चेटूक केलं हे कुठलं तर्कशास्त्र? शिवाय ते लफडं मिलरने रचलेलं. खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती. म्हणून 'नाकारलेली बाई खोटा आळ घेते' असा धडा या नाटकातून काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. सेलममध्ये आरोप करणाऱ्यांपेक्षा घातक होतं ते कोर्टाने मानलेलं 'पुरावा' नावाचं प्रकरण: अमक्याची सावली येऊन मला चिमटे काढते, असं मुलीने म्हटलं की झालं. सावली फक्त तिलाच दिसणार, तर आरोपीने खोडून काय काढायचं? सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तिथेही हीच तऱ्हा असते, आणि अशांना आळा घालायला महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. सेलमला एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी नावाचा आणखी एक आरोपी दगडांखाली चिरडून मेला. एवढा धूर निघाला, आग एकाही घरात सापडली नाही.

शेवटचा मुद्दा 'कबूल करणारे सुखाने जगले' हा. जगले, हे खरंच. त्यांतली एक एलिझाबेथ जॉन्सन. बावीस वर्षांच्या या मुलीने कबुली दिली. तरी तिला मृत्युदंड झाला, पण गव्हर्नरने फाशी थांबवली आणि ती पुढे सत्तरी ओलांडून जगली. १७११ मध्ये सरकारने अनेकांवरचे ठपके पुसले, त्यांत प्रॉक्टर होता. या एलिझाबेथ जॉन्सनचं नाव यादीतून राहून गेलं. तिने स्वतः अर्ज करून विचारलं, काही झालं नाही. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतली आठवीची मुलं तिचं प्रकरण घेऊन मागे लागली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तिच्यावरचा गुन्हा रद्द केला.