वाघिणीचे दूध : सोमवार आणि गुरुवार, सायंकाळी सहा ते पावणेसात

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले खरे, पण ते दूध कोठे मिळते, किती वाजता मिळते आणि त्याचे पैसे वर्षाचे एकदम भरायचे की तिमाही हप्त्याने, याचा खुलासा त्यांनी केला नव्हता. ती उणीव आपल्या नाशिकने भरून काढली आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा सिडको, कोठेही दहा मिनिटे चालले की पहिल्या मजल्यावर मुलांना इंग्रजी शिकवणारे वाघिणीचे एखादे केंद्र लागतेच, आणि तळमजल्यावर बहुधा मिसळ मिळते. आपले अपत्य सात-आठ वर्षांचे झाले असेल आणि त्याचे नाव अजून कोठेच घातलेले नसेल, तर आपल्याला उशीर झाला आहे. प्रवेशाच्या टेबलावर आपल्याला हे सांगतीलच; मूल चार वर्षांचे असले तरी तेच सांगतात. तरीही आपण धीर सोडू नये.

प्रथम नावाकडे लक्ष द्यावे. पाटीवर ‘शिकवणी’ हा शब्द असेल तर जिना चढूच नये. शिकवणीला अभ्यासात मागे पडलेली मुले जातात. आपले मूल मागे पडलेले नसून केवळ अधिक संपन्न व्हायचे राहिले आहे, म्हणून त्याला ‘एन्रिचमेंट’ लागते. ‘कोचिंग’ हा शब्दही अलीकडे जपून वापरला जातो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश देऊ नये असे त्यांत म्हटले. मात्र खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम कोचिंगच्या व्याख्येतून वगळले. तेव्हापासून क्रियापदांची रूपे पाठ करणे हाही एक सर्जनशील उपक्रम ठरला असल्यास आपण त्यात खोलात शिरू नये.

यानंतर ‘डेमो’, म्हणजे नमुन्याचा वर्ग असतो. डेमोच्या दिवशी मूल अर्ध्या तासात ‘माय नेम इज’पासून ‘थँक यू फॉर युवर काइंड अटेन्शन’पर्यंत मजल मारते आणि आपले डोळे पाणावतात. याच अवस्थेत धनादेशावर सही करावी, कारण घरी येऊन हिशोब मांडल्यास मन विचलित होण्याची शक्यता असते. हिशोब असा, की वर्ग आठवड्यातून दोनदा, पंचेचाळीस मिनिटांचा आणि मुले वीस. बाईंनी निम्माच वेळ घेतला असे समजले, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी जेमतेम एक मिनिट येते, म्हणजे आठवड्याला सव्वादोन मिनिटे. त्यातही जी दोन मुले आधीपासूनच फडाफड बोलतात, ती इतरांची मिनिटे वापरून टाकतात. आपले मूल त्या दोघांपैकी नसेल तर ते ऐकण्याचे कौशल्य विकसित करत आहे, असे प्रगतिपुस्तकात लिहून येते.

या सव्वादोन मिनिटांसाठी इंदिरानगरहून मुंबई नाका आणि अशोक स्तंभ ओलांडत गंगापूर रोड गाठायला अर्धा तास जातो आणि परत यायला तेवढाच. म्हणजे आठवड्यात दोन तास मूल आणि आपण एकाच गाडीत, एकाच सिग्नलला अडकलेले असतो. येथे एक धोका संभवतो. मूल अशा वेळी काहीही विचारू लागते: गोदावरीला पूर येतो तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले हे लोक का मोजतात, सिंहस्थ बारा वर्षांनीच का येतो. आपण उत्तर दिले तर संभाषण सुरू होईल, आणि संभाषणातून भाषा येते हे एकदा लक्षात आले की केंद्राचे काय होईल याचा विचार करावा. म्हणून गाडीत बसताच मुलाच्या हाती मोबाइल द्यावा.

वर्गात ‘फोनिक्स’, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचणे शिकवतात. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे हे शास्त्र आवश्यकच आहे. ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘कॉफ’ या चार शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच ही तीच चार अक्षरे येतात आणि चारही ठिकाणी उच्चार निराळे होतात, हे ज्या दिवशी मुलाला कळते त्या दिवशी ते शास्त्र जरा हलते, पण तोवर पहिला स्तर संपून दुसऱ्याची फी भरलेली असते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा आवाज असतो, हा फोनिक्सचा मूळ विचार ऐकून पालक थक्क होतात. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशा ओळी लावून हा विचार शतकानुशतके फुकट उभा आहे, हे त्या वेळी कोणी आठवून देऊ नये. फुकट मिळालेल्या गोष्टीची मुलाला किंमत राहत नाही, म्हणून बाराखडी टाळावी आणि तोच विचार हप्त्यांनी विकत घ्यावा. घरी मात्र आपण आपल्या पद्धतीने ‘सी-ए-टी कॅट’ घोकून घ्यावे. वर्गात ‘क्-अ‍ॅ-ट्’ आणि घरी ‘सी-ए-टी’ असे दोन्हीकडून झाले, की मूल मांजर दिसताच गप्प राहायला शिकते.

घरातील वातावरण इंग्रजी करणे हे आपले कर्तव्य आहे. ‘ओपन द फॅन’, ‘क्लोज द लाइट’, ‘माय हेड इज पेनिंग’ अशी वाक्ये आत्मविश्वासाने उच्चारावीत आणि मुलानेही तीच उच्चारावीत अशी अपेक्षा ठेवावी. मग ती पुसून काढण्यासाठी केंद्रात ‘कॉमन एरर्स’ नावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तोही घ्यावा. मराठी फक्त ओरडण्यासाठी राखून ठेवावी. प्रेम इंग्रजीतून आणि राग मराठीतून, अशी विभागणी नीट पाळली तर मूल आपोआपच मराठीपासून दूर राहते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो, तेवढ्यापुरता अपवाद करून मुलाला नऊवारी किंवा फेटा नेसवून-बांधून ‘मराठी इज माय प्राइड’ या विषयावर तीन मिनिटे बोलायला लावावे. याच नाशिकचा हा माणूस मराठीत पाय रोवून शेक्सपिअरपर्यंत पोहोचला आणि त्याची नाटके मराठीत घेऊन आला, ही गोष्ट भाषणात बसत नाही; ती गाळावी. १९७९ मध्ये जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने असे मांडले होते, की पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन आणि विचार करण्याचे कौशल्य दुसऱ्या भाषेतही उतरते. पण ते गृहस्थ काही डेमो घेत नाहीत.

वाचनाबद्दल विशेष सावध राहावे. शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि तेथील वार्षिक वर्गणी केंद्राच्या एखाद्या फोल्डरच्या किमतीच्या आसपासही जात नाही, यावरूनच त्यातून काय साधणार हे उघड आहे. शिवाय मूल स्वतः पुस्तक निवडू लागले, न समजलेला शब्द ओलांडून पुढे जाऊ लागले आणि रात्री दिवा मालवू देईना, तर प्रगती नक्की कोणत्या स्तरावर आहे हे सांगणारा तक्ता भिंतीवर कसा लावणार?

आता आजोबांचा प्रश्न. नाशिकमधील पुष्कळ घरांना हा प्रश्न आहे. आमच्या ओळखीतील एका मुलाचे आजोबा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात आणि सातवीपर्यंतच शिकलेले आहेत. एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरमधल्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतरच्या खुडणीपर्यंत हा मनुष्य एकाही वर्गाला न जाता ‘डाऊनी’ (वेलीवरचा बुरशीचा रोग), ‘डिपिंग’ (घड द्रावणात बुडवणे), ‘ब्रिक्स’ (गोडीचे माप) आणि ‘रेसिड्यू’ (फळात उरलेला औषधाचा अंश) असे शब्द योग्य जागी, योग्य क्रियापदासह वापरतो. औषधाच्या बाटलीवरचा बारीक इंग्रजी मजकूर चष्मा कपाळावर चढवून वाचतो आणि फवारणीनंतर खुडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते त्यातून बरोबर काढतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे आपल्याकडची द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा तो नऊ अक्षरी राक्षस त्यांनी एका आठवड्यात तोंडी बसवला. उच्चार त्यांचा स्वतःचा आहे, पण अर्थ कंपनीच्या माणसापेक्षा पक्का आहे. त्यांना त्या शब्दांशी काम होते, एवढेच कारण. अशा व्यक्तीच्या सहवासात मुलाला सुट्टीत पाठवल्यास इंग्रजीची गरज लागली की ती शिकता येते, असा घातक गैरसमज त्याच्या मनात रुजू शकतो. त्यापेक्षा उन्हाळ्यात ‘समर इंटेन्सिव्ह’ला पाठवावे, तेथे चित्रपत्त्यांवरून ‘व्हिनयार्ड’ शिकवतात.

वर्षाअखेरीस केंद्राचा ‘ग्रॅज्युएशन’ सोहळा होतो. त्यात दुसरीतील मुलांना काळा झगा आणि चौकोनी टोपी मिळते, दोन्ही भाड्याने. या सोहळ्याला आजोबांना बोलावू नये असे आम्ही सुचवले असते, परंतु त्या मुलाच्या घरच्यांनी बोलावले, आणि ऐन खुडणीच्या दिवसांत बाग मजुरांवर सोडून ते आलेही. मुलाने ‘माय ग्रँडफादर’ या विषयावर भाषण केले. ‘माय ग्रँडफादर इज अ पुअर फार्मर. ही प्लाऊज द फील्ड विथ टू बुलक्स.’ त्याच्यानंतर आणखी दोन मुलांनी हेच भाषण याच शब्दांत केले. त्यांपैकी एकाचे आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालेले आहेत, पण त्या संध्याकाळी तेही दोन बैलांनी शेत नांगरत होते.

टाळ्या थांबल्यावर आजोबांनी नातवाला जवळ घेतले आणि हळूच विचारले, ‘‘बाळा, आपल्याकडं बैल कुठं हायेत रे? आन् प्लाऊ न्हाई, प्रूनिंग म्हन.’’ नातवाने बाईंकडे पाहिले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

असा प्रसंग आपल्यावर आल्यास वेळ न दवडता दोघांना टोपीसह फोटोसाठी उभे करावे. पुढच्या स्तराचा अर्ज बाहेर पडताना डाव्या हाताच्या टेबलावर मिळतो आणि सवलत त्याच दिवसापुरती असते.