‘आता तो राज्यांचा प्रश्न आहे’ म्हणे!

गेल्या रविवारी मावशीने घरच्या गटात एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘वाचून जीव भांड्यात पडला.’ तिची मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला असते आणि तिला चौथा महिना लागला आहे. संदेशाचा आशय असा: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपाताचा विषय केंद्राकडून काढून राज्यांना दिला; आता तिथली जनताच काय ते ठरवते; कायदा जाचक वाटला तर शेजारच्या राज्यात जाता येते; आईच्या जिवाला धोका असेल तर परवानगी सगळीकडेच असते; आणि आरोग्य हा भारतातही राज्यांचाच विषय आहे. हाच संदेश मला आणखी तीन गटांत आढळला. मावशीचा जीव भांड्यात पडला नसता, तर मी उत्तर देण्याच्या फंदात पडलो नसतो.

पहिला दावा खोडायला खुद्द तो निकालच पुरेसा आहे. 24 जून 2022 च्या डॉब्स निकालाने 1973 पासून त्याच न्यायालयाच्या रो निकालामुळे गर्भपाताला मिळालेले घटनात्मक संरक्षण काढून घेतले आणि हा अधिकार ‘जनता व तिचे निवडून दिलेले प्रतिनिधी’ यांच्याकडे परत दिला. केवळ राज्यांकडे दिल्याचे त्यात म्हटलेले नाही, आणि न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात तर राज्यांबरोबर काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, नाव स्पष्टपणे घेतले आहे. निकालाला तीन महिने होत नाहीत तोच सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी गर्भधारणेच्या पंधराव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातावर देशभर बंदी घालणारे विधेयक मांडले. त्याआधी मे महिन्यात, गर्भपाताच्या हक्काला देशभर कायद्याचे संरक्षण देणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे विधेयक सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी अडले होते. गर्भपाताच्या एका विशिष्ट पद्धतीवर देशभर बंदी घालणारा 2003 चा केंद्रीय कायदा तर आजही लागू आहे. तेव्हा केंद्राने या विषयातून अंग काढून घेतले, असे म्हणणाऱ्याने निकाल वाचलेला नाही.

जनता ठरवते, हे अर्धे खरे आहे, एवढे मान्य करावे लागेल. ऑगस्ट 2022 मध्ये कॅन्ससच्या मतदारांनी राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि त्यांच्या कौलाची बूज राखली गेली. पण फ्लोरिडात 2024 मध्ये सुमारे 57 टक्के लोकांनी हक्काच्या बाजूने मत देऊनही घटनादुरुस्तीसाठीची साठ टक्के मतांची अट आडवी आली. आणि नागरिकांनी सह्या गोळा करून राज्यभर मतदान घडवून आणावे, अशी सोयच टेक्सासमध्ये नाही.

शेजारच्या राज्यात जाण्याचा सल्ला देणाऱ्याने नकाशा उघडायला हवा होता. टेक्सासला लागून असलेल्या लुइझियाना, आर्कन्सॉ आणि ओक्लाहोमा या तिन्ही राज्यांत बंदी आहे, आणि उरलेल्या न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की ह्यूस्टनपासून रस्त्याने सुमारे 1,400 किलोमीटर दूर आहे, म्हणजे जवळपास पुणे ते दिल्ली.

भारताची तुलना तर उलटीच पडते. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे हे खरे, पण गर्भपाताचा 1971 चा कायदा संसदेचा आहे, आणि त्याचा पाया ज्या समितीने घातला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. आपल्याकडेही वैद्यकीय मंडळे आणि न्यायालयांचे खेटे आहेतच, पण वेगळा कायदा शोधत कोल्हापूरच्या बाईला बेळगाव गाठावे लागत नाही.

बेळगावचे नाव निघालेच आहे, तर सर्वांत घातक दाव्याकडे वळतो. आईच्या जिवाला धोका असेल तर परवानगी असतेच, हे वाक्य 2012 मध्ये आयर्लंडमध्येही कागदावर खरे होते. बेळगावची सविता हलप्पनवार ही दंतवैद्य तिथे सतरा आठवड्यांची गर्भवती असताना रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून तिची गर्भपाताची विनंती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती दगावली. चौकशीत उपचारांतल्या इतर चुकाही निघाल्या, तरी धोका पुरेसा वाढेपर्यंत थांबणे ही त्यांतली मोठी चूक होती. धोका हा काही दिव्यासारखा बटण दाबताच लागत नाही. तो तासातासाने चढतो, आणि कितव्या तासाला तो कायद्याला पुरेसा वाटेल हे डॉक्टरला आधी कोणी सांगत नाही.

टेक्सासमध्ये तो तास चुकलेल्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना गमावण्याची भीती आहे. जवळपास संपूर्ण बंदीचा हा कायदा 25 ऑगस्ट 2022 ला लागू झाला. त्याच महिन्यात, सुमारे सहाव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातावर आधीपासून असलेल्या बंदीखाली, अमँडा झुरॉस्की यांचे गर्भजल अठराव्या आठवड्याच्या सुमारास गेले. मूल वाचणार नव्हते, तरी ठोके चालू असल्याने त्यांना थांबवून ठेवले गेले आणि सेप्सिस, म्हणजे सविताला झाला तसा जीवघेणा जंतुसंसर्ग, झाल्यावरच उपचार मिळाले. त्या न्यायालयात गेल्या. मे 2024 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातला अपवाद पुरेसा स्पष्ट असल्याचे सांगून त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला त्या ‘स्पष्ट’ अपवादाची भाषा नव्याने लिहावी लागली. नव्या शब्दांनी डॉक्टरांना थोडा धीर आला असेलही, पण शिक्षा होती तिथेच आहे.

हे सगळे मी मावशीला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मुलीला पुढच्या तपासणीत विचारायचे प्रश्न माझ्याकडून वहीत लिहून घेतले: वेळेआधी पाणी गेले तर या रुग्णालयात निर्णय कोण घेते, त्याला किती तास लागतात, आणि रात्री दोन वाजता त्या माणसाचा फोन लागतो का.