थोमाला नावं ठेवण्याआधी विसावा अध्याय पूर्ण वाचा

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: शंका म्हणजे सैतानाने पेरलेलं बी. येशू मेलेल्यांतून उठला यावर त्याचा शिष्य थोमाने शंका घेतली म्हणून प्रभूने त्याला फटकारलं. शंका धरणाऱ्याची प्रार्थना ऐकली जात नाही, पाहा नव्या करारातलं याकोबाचं पत्र, 1:6. खऱ्या संतांना कधी प्रश्न पडले नाहीत. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, विसंगती दिसते म्हणणारा शत्रूचा हस्तक. आणि मुलं कॉलेजात जाऊन विज्ञान शिकली की विश्वास जातो, म्हणून त्यांचे प्रश्न वेळीच बंद करा. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

मी गप्पच बसणार होतो. पण हाच मेसेज कुणीतरी एका मावशींना वेगळा, खास त्यांच्यासाठी म्हणून पाठवला. 2021 च्या एप्रिलमध्ये, नागपुरात बेडसाठी लोक वणवण फिरत होते तेव्हा, त्यांचा मुलगा गेला. उपासना सुटल्यावर कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काहून नेलं माझ्या पोराला, एवढंबी देवाले विचारू नको काय?"

तर आधी थोमा. त्याला उगाच बदनाम केलंय. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय थोमापासून सुरू होत नाही. विसाव्या वचनात प्रभूने बाकीच्या शिष्यांना जखमी हात आणि कूस आधीच दाखवली होती. थोमा तेव्हा तिथं नव्हता. म्हणजे इतरांना न मागता जे मिळालं, तेच त्याने मागितलं: जखमा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास धरणार नाही. ते इतर तरी कुठं मोठे विश्वासाचे पुतळे होते? स्त्रिया कबरेकडून धावत आल्या तेव्हा त्यांचं बोलणं याच मंडळींना वायफळ बडबड वाटली, असं लूक 24:11 सांगतं. त्या दहा जणांना कुणी 'संशयी' म्हणत नाही, टोपणनाव फक्त थोमाच्या वाट्याला.

मला त्या अध्यायात सगळ्यात मोलाचे वाटतात ते मधले आठ दिवस. आपला विश्वास नाही हे थोमाने उघड सांगितलं होतं. तरी आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच लोकांत बसलेला आहे. त्याला कुणी बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. (आमच्या ग्रुपचे ॲडमिन तिथं असते तर काय झालं असतं, देव जाणे.) मग प्रभू आला, आणि थोमाने ज्या शब्दांत मागितलं होतं त्याच शब्दांत म्हणाला, तुझं बोट इकडे कर. 'विश्वासहीन असू नको' हेही म्हणाला, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हणाला, ते मी लपवत नाही. पण आधी जखमा पुढे केल्या, बोलणं नंतर. आणि 'माझा प्रभू व माझा देव' ही कबुली त्या शुभवर्तमानात याच माणसाच्या तोंडून येते. भारतात शुभवर्तमान आणणारा म्हणून केरळातल्या मंडळ्या परंपरेने ज्याचं नाव घेतात, तोही हाच.

आता याकोब 1:6. वचन खरं आहे, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, असंच लिहिलंय. पण मेसेजवाल्याने पाचवं वचन गाळलं. तिथं म्हटलंय, कुणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो. म्हणजे जे कळत नाही ते विचारा, हीच तर आज्ञा आहे. आणि आठव्या वचनात याकोब ज्याच्यावर बोट ठेवतो तो द्विबुद्धीचा माणूस, दोन डगरींवर हात ठेवणारा. मुलाच्या फोटोसमोर बसून रडत देवालाच जाब विचारणारी बाई दोन डगरींवर नाही. ती एकाच दारात उभी आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी पोराला येशूकडे आणणारा बाप म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. त्याची प्रार्थना ऐकली गेली, पोरगा बरा झाला. आणि यहूदाच्या पत्राचं बाविसावं वचन तर सरळ सांगतं, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा.

संतांना प्रश्न पडत नाहीत म्हणे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो, जे येणार ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली. वर्षानुवर्षांचा आतला अंधार त्यांत आहे. 2016 मध्ये त्यांना संत घोषित केलं, पत्रं वाचल्यावर.

विसंगतीचा मुद्दा मला संडेस्कूलमध्येच भेटला. नववीतल्या पोराने विचारलं, येशूच्या रिकाम्या कबरेपाशी देवदूत एक होता का दोन? मी फळ्यावर चार रकाने आखले. मत्तयात एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. पोरं बघतच राहिली. मग तातियान या ख्रिस्ती लेखकाबद्दल सांगितलं. दुसऱ्या शतकात त्याने चारही शुभवर्तमानं विणून एकच सलग कथा केली होती, सिरियातल्या मंडळ्यांनी ती बराच काळ वाचलीही. तरी शेवटी मंडळीने चार वेगळीच ठेवली. फरक त्यांनाही दिसत होते, खोडरबर हातात असून चालवलं नाही. हे पूर्ण उत्तर आहे असं मी पोरांना सांगितलं नाही. त्या पोराने चारही रकाने वहीत उतरवून घेतले.

आणि कॉलेजाची भीती नागपूरकरांनी तरी घालू नये. 1845 मध्ये इथं आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात खडक फोडायचा हातोडा घेऊन हिंडले. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांच्या थरांतले शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म त्यांनी गोळा केले. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं (प्राचीन दगडी वर्तुळं) पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या नावाने पुढे इथं उभं राहिलं ते कॉलेजच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूर-राजनांदगाव प्रवासात, 1893 च्या सुमारास. बाप्तिस्मा 1895 मध्ये, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा तर 1900 मध्ये. मधली वर्षं दोघांनी काय प्रश्न बंद करून काढली?

ग्रुपवर मी एवढं सगळं टाकलं नाही. मावशींना मात्र बायबलातलं 88 वं स्तोत्र काढून दिलं. पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, "हे तं अंधारातच संपून राहिलं, भाऊ. पुढचं पान फाटलं का काय?"

"नाही मावशी, तेवढंच आहे."

त्यांनी चष्मा पुसून शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि बसचं तिकीट दुमडून त्या पानात ठेवलं.