कुंकवानंतरचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव मोलाचाच आहे. पण इंग्लंडमध्ये राहून कुंकू, जोडवी, मंगळसूत्र यांवरचे वाद वाचताना राहून राहून वाटतं, विधवेच्या नावावर काय आहे आणि ते कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं, याबद्दल कुणी का बोलत नाही?

इथल्या कौंटी अभिलेखागारांत सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या खेड्यांमधल्या विधवांची मृत्युपत्रं जपलेली आहेत. लग्न झालेल्या बाईला तेव्हा नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. नवरा गेल्यावरच तो हक्क मिळे. तोवर जमीन बहुधा मुलाकडे गेलेली असे, आणि तिला मिळालेलं घर कित्येकदा 'पुन्हा लग्न केलं नाही तरच' या अटीवर. म्हणजे तो काळ बायकांसाठी काही चांगला नव्हता. तरी जे तिचं होतं ते ती नाव घेऊन वाटून देई: पिसांची गादी थोरल्या लेकीला, पितळेचं भांडं धाकटीला, नातवंडांना एकेक मेंढी, उत्तम झगा बहिणीला, त्याच्या खालोखालचा झगा कामवालीला. लिहिणारा बहुधा दुसराच, खाली हिची फुली. तेवढ्यावर चर्चचं न्यायालय तिचा शब्द मान्य करी.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा आपल्या वाट्याची पूर्ण मालक झाली. त्याआधी, १९३७ च्या कायद्यात, तिचा हक्क फक्त हयातीपुरता होता. पण त्याच १९५६ च्या कायद्यानुसार मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः राबून मिळवलेलंही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिची स्वतःची आई जिवंत असली तरी! हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं. आणि ते टाळायला लागतं काय? साधा कागद आणि दोन साक्षीदार. मुद्रांक नको, नोंदणीचीही सक्ती नाही.

तरीही गावात बाईला कागद आठवतो तो बहुतेक हक्कसोडपत्राचा. भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून सही करायची, अंगठा द्यायचा. आयुष्यात एकदा कागदावर नाव आलं, तेही सोडून देण्यासाठी.

विधवा प्रथाबंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने त्याच बैठकीत गावातल्या विधवांच्या वारसनोंदी वाचून दाखवाव्यात. कुणाचं नाव सातबाऱ्यावर लागायचं राहिलंय ते तलाठ्याकडून लिहून घ्यावं. आणि जिला मृत्युपत्र करायचं असेल तिला भाऊबंदकीबाहेरचे दोन साक्षीदार गावाने मिळवून द्यावेत.