चाळिशीनंतर एन्झाइम ‘बंद’ होत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि तळजाई टेकडीवर चालायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘चाळिशीनंतर एसओडी, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज बनणं बंद होतं. चालून आल्यावर एसओडीची गोळी घ्या. सोबत क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, भरपूर. फ्री रॅडिकल शून्यावर आणा.’ एसओडी म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. ही तिन्ही एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, फ्री रॅडिकल (पेशीला इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू) आणि त्यांच्यापासून बनणारी पेरॉक्साइडं आटोक्यात ठेवतात. मधुमेह असलेली माणसंही हा मेसेज मनावर घेतायत, म्हणून लिहितोय.

‘बंद होतं’ हे साफ चूक. एसओडी-२ या एसओडीच्याच एका प्रकाराचं जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्लं जन्मानंतर थोड्याच दिवसांत मरतात. ते खरंच बंद झालं असतं, तर चाळिशीनंतर आपण टेकडी चढत नसतो.

खरा मुद्दा आहे तो एन्झाइम किती बनतं याचा. जनुकावरून एमआरएनए (जनुकाची नक्कल, जी वाचून प्रथिन बनतं) तयार झाला तरी त्याच्या शेवटच्या भागाला कोणतं प्रथिन चिकटतं यावर त्याचं आयुष्य ठरतं. एचयूआर चिकटलं तर तो सहसा जास्त टिकतो, ट्रिस्टेट्राप्रोलिन चिकटलं तर लवकर मोडतो. फ्री रॅडिकलपासून बनणारं हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं की एचयूआर केंद्रकातून पेशीद्रवात येतं, जिथे एमआरएनए वाचला जातो. कॅटालेजच्या एमआरएनएला चिकटणारं एक प्रथिन क्लर्च आणि मॅसारो यांनी 1992 मध्ये रॅटच्या फुफ्फुसात दाखवलं. त्याचं चिकटणंही ऑक्सिडीकरणाच्या स्थितीनुसार बदलतं. फ्री रॅडिकल शून्यावर आणले, तर पेशीला हा निरोप मिळणार कुठून?

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचं काम तर फारच विलक्षण आहे. त्याच्या एमआरएनएत सुरुवातीच्या पन्नासेक अमिनो आम्लांतच ‘यूजीए’ ही तीन अक्षरी खूण येते. एरवी तिचा अर्थ ‘थांबा’. पण एसबीपी-२ हे प्रथिन त्याच एमआरएनएच्या शेवटाकडच्या एका वळलेल्या भागाला धरून असतं, आणि त्याच्या मदतीने रायबोसोम (प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र) न थांबता तिथे सेलेनोसिस्टीन हे सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल जोडतो. सेलेनियम कमी पडलं की साखळी अर्धवट राहते, एमआरएनएही मोडीत निघतो. एसओडीची गोळी इथे काय करणार?

तशीही ती पोहोचत नाही. एन्झाइम हे प्रथिन. साधी गोळी गिळली की पेप्सिन, ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम त्याचे तुकडे करतात.

राहिले मोठे डोस. 2009 मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई दिलं. ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही, आणि स्नायूंत एसओडी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचे एमआरएनए वाढायचे तेही वाढले नाहीत. मधुमेहासाठी टेकडी चढणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

बीटा-कॅरोटीनचं त्याहून गंभीर. फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, 1994 च्या निष्कर्षांनुसार, ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. तुमच्या ग्रुपवर कुणी सिगारेट ओढणारं असेल, तर त्या मेसेजखाली हा आकडा आजच टाका.