डुकराआधी नळाचं पाणी बघा

या लेखात डुकराच्या अर्धकच्च्या लिव्हरमधून हिपॅटायटिस ई (विषाणूमुळे होणारी कावीळ) होतो लिहिलंय ते बरोबरच आहे, पण ते जीनोटाइप (म्हणजे विषाणूचा उपप्रकार) ३ न ४ चं, जपानमध्ये तर हरणाचं कच्चं मांस खाऊन लोकं आजारी पडलेली. आपल्याकडे माणसांत सापडतो तो मुख्यतः जीनोटाइप १, गटाराचं पाणी पिण्याच्या लाइनीत शिरलं की पसरतो, १९५५-५६ ला दिल्लीत हजारोंना कावीळ झाली ती अशीच. आता नाशकात लोकं घाबरून मटण सोडतील आणि पंचवटीत बर्फ टाकून उसाचा रस पितील, काय उपयोग!! घरात गरोदर बाई असेल तर पाणी उकळूनच द्या, शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरात २०-२५ जणी दगावू शकतात, आणि कावीळ दिसली तर माळ घालणाऱ्याकडे नाही, सरळ डॉक्टरकडे न्या प्लीज